शुक्रवारी वर्गात वाटायचं काहीतरी

दान या शब्दाबद्दल माझ्या मनात लहानपणापासून अढी आहे. आमच्या पुण्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे यायचे. बाबा मजकूर लिहायचे, आई त्यातली विशेषणं खोडायची आणि मी घड्या घालायचे. अक्षराला अक्षर जोडून मी आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं, तेही अशाच एका पत्रकातलं, वस्तीतल्या नळांबद्दलचं. त्या कागदांवर ‘मागणी’ असायची, ‘हक्क’ असायचा, ‘निषेध’ तर असायचाच. ‘विनंती’ क्वचित. ‘दान’ कधीच नाही. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं थोडं देऊन बाकीचं सांभाळायची युक्ती म्हणजे दान, असं मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहिलं होतं. आजही त्यातला एक शब्द बदलावासा मला वाटत नाही.

तरीही दर बुधवारी दुपारी मी लॅपटॉप मिटते, सायकल काढते आणि एका धर्मादाय संस्थेच्या खेळघरात जाते. नेदरलँड्समध्ये बुधवारी शाळा दुपारीच सुटतात. माझं ऑफिस कापेल आन डेन आयसेल या छोट्या गावात, आणि मी राहते त्या शेजारच्या उपनगरात एक ओस पडलेली ऑफिसची इमारत आहे. तिथे आता आश्रय मागायला आलेली कुटुंबं ठेवली आहेत. ‘तात्पुरती’ असं सगळे म्हणतात. तात्पुरती म्हणूनच तिथे स्वयंपाकघर नाही, जेवण ट्रेमधून येतं. जिथे कधी मीटिंग व्हायच्या त्या काचेच्या खोल्यांमध्ये पडदे लावून माणसं झोपतात. मुलांना खेळायला जागा नाही, म्हणून संस्थेनं जवळच्या वस्तीतला एक हॉल घेतला आहे.

पहिल्या दिवशी तिथल्या समन्वयक बाईंनी मला विचारलं होतं, तुला इथे का यायचंय? त्या निवृत्त शिक्षिका, अंगानं उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. बोलताना त्या सफरचंदं चिरत होत्या. मी त्यांना सांगितलं की हे काम खरं तर सरकारचं आहे, मुलांचं बालपण देणग्यांवर चालणं ही शरमेची गोष्ट आहे, संस्थांनी खड्डे बुजवत राहिलं तर रस्ता करायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. माझं डच तेव्हा तोडकं होतं, त्यामुळे हे सांगायला बराच वेळ लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “आणि बुधवारी तू मोकळी असतेस का?”

त्यांचे नियम मला आवडले. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. कुठून आलात, कसे आलात, हे विचारायचं नाही. पाळता येणार नाही असं काही कबूल करायचं नाही. चांगल्या पत्रकासारखे नियम, कुठेही विशेषण नाही.

त्या इमारतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घरांच्या खिडक्या बघत गेलं की या देशाचं सध्या काय चाललंय ते कळतं. एका खिडकीत ‘इथे सगळ्यांना जागा आहे’ अशी पाटी, तिच्या शेजारच्या घरावर उलटा लावलेला झेंडा, म्हणजे आता बास झालं. पुढच्या घरी परत पाटी. मधल्या काही घरांमध्ये फक्त कुंड्या. माझ्या ऑफिसातही तेच. जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाताना कुणी हा विषय काढला की टेबलाचे दोन भाग होतात आणि मग कुणीतरी हवामानाबद्दल बोलायला लागतं.

आमच्या मराठी लोकांचे तर एकाच सोफ्यावर दोन भाग होतात.

माझ्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक ठाण्याचं कुटुंब राहतं. दादा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, वहिनी डेटा ॲनालिस्ट, त्यांचा मुलगा सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. त्याच्याशी मराठीत बोललं की तो डचमध्ये उत्तर देतो. मी एकटी राहते म्हणून वहिनी मला रविवारी जेवायला बोलावतात आणि मीही कधी नाही म्हणत नाही. त्या रविवारी वरणभात झाल्यावर वहिनींनी विषय काढला.

“पुढच्या महिन्यात याचा वाढदिवस आहे. तुझ्या त्या मुलांना आपण जेवण देऊया का? ठाण्याला आम्ही दर वर्षी बालकाश्रमात जायचो. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. हा स्वतःच्या हातानं प्रत्येकाला वाढायचा. इथं आल्यापासून ते राहूनच गेलंय.”

“आणि शेवटी फोटो,” मी म्हटलं.

“असायचा एखादा. आजी-आजोबांना पाठवायला.”

“आणि ती मुलं रांगेत बसून गाणं म्हणायची ना? ज्याला बघितलंही नाही त्याला हॅपी बर्थडे?”

वहिनींनी ताटं गोळा करता करता माझ्याकडे पाहिलं. “तुला त्यात काय खटकतं गं? मुलं पोटभर जेवायची.”

“वहिनी, त्या मुलांनी कधी तुमच्या घरी येऊन तुम्हाला वाढलंय? एकाच बाजूनं वाढायचं आणि दुसऱ्या बाजूनं कायम ताट धरायचं, याला मी नाही मदत करणार.”

“तुला ना, तुझ्या आईवडिलांनी नाही म्हणायचं फार छान शिकवलंय,” वहिनी म्हणाल्या. “पुढचं शिकवायचं राहून गेलं.”

दादा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले, “मला विचाराल तर यात पडूच नये. आपण परमिटवर आलोय, कागदपत्रं देऊन, टॅक्स भरून. हे लोक वेगळे, आपण वेगळे. समोरच्याला तर दोन्ही एकच दिसतात. आपण पाहुणे आहोत या देशात.”

“पाहुणे भाडं देत नाहीत, दादा. तुम्ही देता.”

“हिला आधी ताक द्या,” दादा वहिनींना म्हणाले, आणि विषय तिथेच थांबला.

त्यानंतरच्या बुधवारी खेळघरात एक मुलगी खेळायला आली ती खेळलीच नाही. एरवी ती चेंडू सोडायची नाही. ती कुठून आली हे मी इथे लिहिणार नाही. तिच्या देशाचे दोन तुकडे झालेत आणि दोन्हीकडच्या माणसांना तिच्या घरचे नको आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे. तिला आठ वर्षं पूर्ण होणार होती, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी. आणि तिला वर्गात काहीतरी वाटायचं होतं.

इथल्या शाळेत ही मोठी गोष्ट असते. वाढदिवसाला वर्गातली मुलं काही देत नाहीत, ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांना खाऊ देतो. कागदाचा मुकुट घालून तो टेबलाटेबलाशी जातो. मग दोन मित्र निवडतो आणि त्यांना घेऊन शाळाभर फिरतो, बाकीच्या वर्गातल्या शिक्षकांनाही खाऊ देतो. त्या दिवशी अभ्यास करायचा की नाही हे सुद्धा तोच ठरवतो असं मुलांना वाटतं. या मुलीचा मागचा वाढदिवस एका क्रीडागृहात लावलेल्या खाटांवर गेला होता आणि त्याच्या आधीचा रस्त्यात. आत्ताच्या वर्गात तिला सगळ्यांची नावं येत होती. पण महिनाअखेरीस त्यांना दुसऱ्या गावच्या केंद्रात हलवणार असं कळलं होतं. म्हणजे वाटायचं तर त्याच शुक्रवारी, याच वर्गात.

“त्यासाठी आपल्याकडे खोका आहे की,” समन्वयक बाई म्हणाल्या. ज्यांच्या घरी वाढदिवस करणं शक्य नसतं अशा मुलांसाठी संस्था एक खोका देते. फुगे, मुकुट, वर्गाला पुरतील एवढ्या बेदाण्यांच्या पुड्या.

मुलीनं मान हलवली. “खोका नको.”

“का गं?”

ती बराच वेळ बुटाचं टोक जमिनीवर घासत राहिली. मग सांगितलं. इमारतीतल्याच एका मुलानं आधी तो खोका वर्गात नेला होता. तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, हे फुकटचं आहे, माझे बाबा म्हणतात हे सगळं आमच्याच पैशातून येतं. म्हणजे मी माझंच खातोय. आणि असं म्हणत त्यानं दोन पुड्या घेतल्या.

समन्वयक बाई तिच्याजवळ बसल्या. “हे खरं नाही. मी तुमच्या वर्गात येऊन समजावून सांगू शकते.”

“नको,” मुलगी म्हणाली. “समजावू नका. आईनं केलेलं हवंय. आमच्याकडे आई बिस्किटासारख्या कड्या करते. तीळ लावलेल्या, अशा गोल.” तिनं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. “पण आईला ओव्हन नाही.”

मी आजवर हक्कांबद्दल बरंच वाचलं, लिहिलं आणि ओरडले आहे. निवारा, अन्न, शिक्षण. आठ वर्षांच्या मुलीला इतरांना काही देण्याचा हक्क असतो असं कुठल्याच पत्रकात लिहिलेलं मला आठवेना. ती घेण्याला कंटाळली होती. तिला एका दिवसापुरतं देणारं व्हायचं होतं आणि त्यासाठी लागणारी एकुलती एक वस्तू तिच्या आईकडे नव्हती.

मी समन्वयक बाईंना बाजूला घेऊन विचारलं, त्यांना कुणाच्या घरी नेलं तर चालेल का? तुमची परवानगी लागेल का?

“माझी कशी लागेल?” त्या म्हणाल्या. “ती आई मोठी बाई आहे. कुणाच्या घरी जायचं ते तिचं ती ठरवेल. तिला विचार.”

संध्याकाळी मुलीला न्यायला आई आली तेव्हा मी विचारलं. मधे मुलगी दुभाषी. आईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मुलीला एक प्रश्न विचारला.

“आई विचारते, ओव्हन केवढा आहे?”

माझ्या खोलीत दोन शेगड्या आणि एक किटली आहे. ओव्हन होता वहिनींकडे, दिवाळीला नानखटाईचे दोन ट्रे एकदम भाजणारा. मी तिथूनच त्यांच्याकडे गेले.

“रविवारी मला भाषण दिलंस,” वहिनी दारातच म्हणाल्या, “आणि बुधवारी माझाच ओव्हन मागायला आलीस.”

“हो.”

“बरं झालं कबूल तरी केलंस. ये आत.”

दादांनी ऐकल्यावर टीव्हीचा आवाज बंद केला. “घरी? अगं, समोरच्याच्या घरावर झेंडा बघितलास का कसा लावलाय? तो बघेल. उद्या काही बोलला तर? आपल्याला इथं अजून पक्के कागद मिळायचेत.”

“बिस्किटं भाजायला कुठलं परमिट लागतं हो?” वहिनी म्हणाल्या. “एक बाई, एक मुलगी. माझ्या मैत्रिणी येतात तेव्हा समोरचा काही बोलतो का?”

“तुझ्या मैत्रिणींचा इतका आवाज असतो की त्याला बोलायची संधीच मिळत नाही.”

“मग झालं तर.”

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर यायचं असं ठरलं. मी त्या दिवशी घरून काम करायची परवानगी घेतली. वर्गशिक्षिकेचा एकच निरोप होता, शेंगदाणे-बदाम वगैरे नकोत, वर्गात दोन मुलांना चालत नाहीत. मुलगी माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसली आणि आई शेजारून चालत आली. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती, आणि ती पिशवी तिनं एका हातानं अंगाशी धरली होती. त्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून घेतलेले तीळ आणि यीस्ट तिच्यात होतं, हे मुलीनं मला वाटेत दोनदा सांगितलं.

दार उघडलं आणि तुपाचा वास आला.

वहिनींनी अर्धा दिवस रजा काढली होती. डायनिंग टेबलावर स्टीलच्या परातींमध्ये शंकरपाळे निवत होते, सोनेरी, एकसारखे कापलेले. शेजारी पारदर्शक पिशव्या, लाल रिबिनी, आणि प्रत्येक पिशवीला बांधायला मुलीचं नाव छापलेली छोटी कार्डं. त्यावर डचमध्ये ‘वाढदिवसाचा खाऊ’ असंही होतं. अर्ध्या पिशव्या भरूनही झाल्या होत्या. वहिनींनी साडी नाही पण ठेवणीतला कुर्ता घातला होता. त्यांनी त्या आईचे दोन्ही हात हातात घेतले, तिला सोफ्यावर बसवलं आणि समोर पोह्यांची बशी ठेवली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मग चहा. मग पाणी. मग आणखी पोहे.

आई बसली. पिशवी मांडीवर. तिनं पोहे खाल्ले, मान हलवून छान म्हणाली. मुलगी टेबलापाशी उभी राहून त्या भरलेल्या पिशव्या बघत होती. तिनं स्वतःचं नाव वाचलं. मग ती आईजवळ येऊन तिच्या मांडीवरची पिशवी धरून बसली.

मी वहिनींना ओट्याशी गाठलं. “वहिनी, हे काय केलंत? त्यांना करायचं होतं.”

“अगं, पहिल्यांदा घरी आलेली बाई. तिला काय मी ओट्याशी उभी करू? पीठ मळायला लावू? आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत. आणि बिचारी दिवसभर त्या इमारतीत. जरा बसू दे की तिला निवांत.”

“ती दिवसभर बसलेलीच असते. तिथं तिला दुसरं काही करूच देत नाहीत. हे म्हणजे परत तोच खोका झाला, फक्त रिबीन लावलेला.”

“खोका म्हणतेस? दुपारपासून मी तळतेय. हात बघ माझा.” खरंच मनगटावर तेलाचा चटका उठला होता.

“मी म्हणत नाही तुम्ही वाईट हेतूनं केलं. पण वहिनी, ही देण्याची जी पद्धत आहे ना आपली, समोरच्याला हात हलवू न देता त्याच्यावर उपकार करायचे, तीच मुळात—”

“आता तू माझ्या स्वयंपाकघरात सभा घेऊ नकोस.”

“सभा नाही घेत मी. मुद्दा सांगते आहे.”

आमचे आवाज चढले होते. मराठी न कळणाऱ्या माणसालाही कळावं इतके. मागून नळाचा आवाज आला म्हणून आम्ही वळलो. त्या आईनं स्वतःची बशी विसळून पालथी घातली होती. जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं होतं, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या आणि ती साबणानं हात धूत होती, शस्त्रक्रियेला जायच्या आधी डॉक्टर धुतात तसे, बोटांच्या मधून, नखांखालून. वहिनी पुढे झाल्या, “अहो राहू दे, राहू दे.” तिनं ओला तळवा उभा करून त्यांना थांबवलं आणि मुलीला काहीतरी सांगितलं.

मुलीनं आमच्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं पण दुभाष्यानं हसायचं नसतं हे तिला माहीत असावं.

“आई म्हणते, तुम्ही दोघी बसा.”

आम्ही बसलो. दुसरं काय करणार. सोफ्यावर शेजारी शेजारी, जिथे मघाशी पाहुणी बसली होती तिथे. वहिनींचे हात काय करावं ते न कळून ओढणीशी चाळा करत होते. आत डबे उघडल्याचे, लावल्याचे आवाज. प्रत्येक आवाजाला त्या थोड्या उठायच्या आणि परत बसायच्या.

“माझ्याच घरात मला बसवलंय,” त्या पुटपुटल्या.

“कसं वाटतंय?”

“तू गप्प बस.”

मुलगी आतून यायची, निरोप सांगायची, जायची. आई विचारते, मैदा आणखी आहे का? आई विचारते, बडीशेप आहे का, ती छोटी हिरवी? वहिनी लगेच उठायला लागल्या. “बसूनच सांगा,” मुलगी म्हणाली, “मी काढते.” तेव्हा वहिनी सोफ्यावरून दिशा द्यायला लागल्या, डावीकडचा ड्रॉवर, तो नाही, खालचा, गोल डबा. आतून वाट्यांची झाकणं निघाल्याचा आवाज आला आणि ती आई एकेक मसाला हुंगत मुलीशी काहीतरी बोलली. नंतर दोघी हसल्या.

“काय म्हणाली?” वहिनींनी विचारलं.

“आई म्हणते, हे सगळं आमच्याकडेही असतं. पण तुम्ही सगळं एकदम घालता, असा वास येतोय.”

वहिनींना हे आवडलं की लागलं, मला कळलं नाही. त्या जरा सैल होऊन बसल्या, एवढं खरं.

तेवढ्यात दादा ऑफिसातून आले. त्यांनी बूट काढले, सोफ्यावर आम्हा दोघींना पाहिलं, स्वयंपाकघरात कणिक आपटणाऱ्या अनोळखी बाईला पाहिलं.

“आज सरकार बदललं का आपल्याकडे?” त्यांनी हळूच विचारलं.

“बसा इथं,” वहिनी म्हणाल्या. “आम्हालाही बसवलंय.”

दादा बसले. समोरच्या घरावरचा झेंडा त्यांच्या खिडकीतून दिसत होता. त्याचा मालक गाडी धूत होता आणि त्यानं एकदाही मान वर केली नाही. दादांनी पडदा लावायला हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला. माझ्या दृष्टीनं त्या संध्याकाळी त्यांनी केलेलं हे सगळ्यात धाडसाचं काम.

पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि थोड्याच वेळात आईचा आवाज आला, वेगळा, घाईचा. मुलगी पळत आली.

“आई विचारते, हा ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतो का?”

“हो गं, डावीकडे मागे. ट्रे मधेच फिरवावा लागतो,” वहिनी म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. त्यांनी मुलीकडे पाहिलं. “येऊ का, विचार.”

मुलीनं आत जाऊन विचारलं आणि दारातूनच हात केला.

वहिनी गेल्या त्या मदतनीस म्हणून गेल्या. ट्रे कधी फिरवायचा, दार किती उघडायचं, कुठल्या कप्प्यात ठेवायचं, एवढंच त्या बोटांनी दाखवत होत्या. कड्या वळायच्या त्या आईनं आणि मुलीनं. पिठाची बोटभर वळी, तिची टोकं जुळवून चिमटा, मग अंड्याच्या बलकात, मग तिळात. मी दारात उभी होते. मला कुणी काही करायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्या ट्रेमधल्या मागच्या कड्या काळपट झाल्या होत्या, त्या दादांनी खाल्ल्या. तीन खाल्ल्यावर ते म्हणाले की परीक्षण पूर्ण व्हायला अजून दोन लागतील.

शंकरपाळ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. वहिनींनी पिशव्या सोडल्या आणि नावाची कार्डं काढून घेतली. त्या आईनं परातीतला एक शंकरपाळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मग आपली रिकामी झालेली कापडी पिशवी उघडून वहिनींपुढे धरली, जशी शेजारीण धरते. वहिनींनी ती भरली. कड्या मात्र तिनं स्वतः मोजून एका डब्यात रचल्या, थरावर थर, मधे कागद, आणि तो डबा तिनं मुलीच्याच हातात दिला.

जाताना वहिनींनी मुलीमार्फत विचारलं, माझ्या मुलाच्या वाढदिवसाला हे मला शिकवाल का? त्यालाही वर्गात वाटायचंय. आईनं विचार केला आणि मग उत्तर दिलं. मुलगी म्हणाली, “आई म्हणते, तोवर आम्ही इथे नसू. पण आज तुम्ही बघितलंत ना. तेवढं पुरे.”

आता हे लिहितानाही मला कुणी विचारलं की मग धर्मादाय संस्था हव्यात की नकोत, तर माझं उत्तर बदललेलं नाही. त्या इमारतीत एक साधं स्वयंपाकघर असतं तर कुणाच्या दारात जायची गरज पडली नसती. मी नगरपालिकेच्या नागरिक सभेत हेच बोलले, लिहून, वेळेत, माझ्या सुधारलेल्या डचमध्ये. तिथे उलट्या झेंड्यावाले होते आणि पाटीवालेही होते. मी दोघांनाही विचारलं, जो माणूस स्वतःची भाकरी स्वतः भाजू शकत नाही त्याला तुम्ही आळशी म्हणता आणि तुम्ही बिचारा म्हणता, पण त्याला चूल द्यायचं कुणाच्याच मनात का येत नाही? काही लोक हसले, काहींनी मान फिरवली. एका म्हाताऱ्या माणसानं बाहेर पडताना मला सांगितलं की त्याला माझं म्हणणं पटलेलं नाही, पण स्वयंपाकघराचं पटलंय. स्वयंपाकघर अजून झालेलं नाही. विषय मात्र पुढच्या सभेवरही आहे, कारण तो मी आणि त्या म्हाताऱ्यानं मिळून घातलाय.

पण त्या शुक्रवारी मला यातलं काही सुचत नव्हतं. मी ऑफिसात एका लांबलेल्या मीटिंगमध्ये बसले होते आणि मनात फक्त तो डबा. तिळाचं कुणाला वावडं निघालं तर? कुणी घेतलंच नाही तर? तो मुलगा पुन्हा काही बोलला तर? मला वर्गात जायला परवानगी नव्हती आणि ती नव्हती हे बरंच होतं.

बुधवारी ती खेळघरात आली तेव्हा समन्वयक बाई सफरचंदं चिरत होत्या. मी मुद्दाम काही विचारलं नाही. तिनंच सांगायला सुरुवात केली, चेंडू काखेत धरून. सगळ्यांना आवडल्या. शिक्षिकेनं दोन घेतल्या. आईनं केल्या का असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईनं आणि मी. एका मुलीला वाटलं मधे भोक आहे म्हणजे कानातली रिंग आहे, तिनं कानाला लावून बघितलं.

“आणि तो मुलगा?” समन्वयक बाईंनी विचारलं. मी विचारणार नव्हते.

“त्यानं खाल्लं. काही बोलला नाही.”

“मग शाळाभर फिरायला कुणाकुणाला नेलंस?”

तिनं दोन नावं सांगितली. एक तिच्या शेजारी बसणारी मुलगी, दुसरा एक अजिबात न बोलणारा मुलगा. मग म्हणाली, “त्या दोन पुड्या घेणाऱ्यानं पण हात वर केला होता. खूप वर. उभा राहून.”

समन्वयक बाईंची सुरी थांबली. आयुष्यभर त्यांनी मुलांना भांडणं मिटवायला शिकवलं असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “मग त्याला का नाही नेलंस?”

मुलीनं चेंडू जमिनीवर आपटून पुन्हा झेलला.

“कारण वाढदिवस माझा होता,” ती म्हणाली, आणि खेळायला गेली.